शालिकभाऊंची छत्री आणि वहिनींचं ‘हौ’

आमच्या गल्लीत शालिकभाऊ छतावर चढले की बाया वाळत घातलेले पापड झाकायच्या. हा माणूस वर गेला की खाली काही ना काही पडायचंच. कधी गंज, कधी चुन्याचे पोपडे, एकदा तर नट आवळायचा पानाच. तो माझ्या सायकलच्या सीटवर पडला. मी त्यावर बसलेलो नव्हतो हे बालाघाटचं नशीब, नाहीतर कचेरीसमोर अर्ज टाइप करणारा एक माणूस कमी झाला असता.

शालिकराम वनविभागात बाबू. निम्मी नोकरी बैहरला, निम्मी इथं. ऑफिसात ते नेमकं काय करायचे हे त्यांच्या साहेबालाही सांगता आलं नसतं. पण नव्वद-पंच्याण्णव सालात आमच्या गल्लीतला एकेक अँटेना त्यांच्या हातचा. कोणाच्या टीव्हीत मुंग्या आल्या की पोरगं धावत यायचं, अन् भाऊ जेवण टाकून शिडी उचलायचे.

स्वतःच्या घरी त्यांनी दोन पाइप एकावर एक जोडून तीस फुटांचा खांब उभा केला होता. तोंड गोंदियाकडे. कारण प्रेमलतावहिनी. वहिनींचं माहेर महाराष्ट्रातल्या तिरोड्याचं. तीस वर्षं मध्यप्रदेशात काढली, पण भाजीवाल्याशीही मराठीतच भांडायच्या, आणि तो हिंदीत हरायचा. आमच्याकडे टीव्हीवर सगळं हिंदी. वहिनींना मराठी पाहिजे. आभाळ निरभ्र असलं की त्या खांबावर गोंदियाकडचं मराठी उतरायचं, मुंग्यांच्या आडून, सर्दी झाल्यासारखं. वहिनी तेवढ्यावर खूश.

त्यांची पद्धत ठरलेली. भाऊ वर, वहिनी दारात, एक डोळा टीव्हीवर.

“आलं का वं?”

“आलं! थांबा... गेलं! उजवीकडं फिरवा!”

“हे काय, उजवीकडंच तर फिरवून राह्यलो!”

“माह्या उजवीकडं! तुमच्या नाही!”

सगळी गल्ली ऐकायची. मी तर पाठच केलं होतं. मला देवानं दुसरं काही दिलं नाही, बायकांचा आवाज काढायची कला तेवढी दिली. मी माझ्या अंगणातून हुबेहूब वहिनींच्या आवाजात ओरडायचो, “आलं, आलं, आता बरोबर!” भाऊ नट घट्ट करून घामाघूम खाली उतरायचे, तर टीव्हीत नुसत्या मुंग्या. मग वहिनी बाहेर येऊन मला शिव्या घालायच्या, आणि भाऊ म्हणायचे, “फकिरा, तुह्या तोंडात किडे पडतीन बे!” असा खेळ दहा वर्षं चालला.

दोन हजार पाचच्या थंडीत वहिनींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. सगळी भाषा गेली आणि तळाशी एकच शब्द उरला, हौ.

“चहा पाहिजे का?”

“हौ.”

“का नको?”

“हौ.”

एकदा भाऊंनी विचारलं, “मी कोण आहो, कलेक्टर का?” वहिनी म्हणाल्या, “हौ.” भाऊ हसले. मीही हसलो. मग भाऊ चहा ठेवायला उठले.

गोंदियाचे डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा, विचारत राहा, ओळखीचं काही ऐकू द्या. भाऊ निवृत्त झालेलेच होते. स्वयंपाक, आंघोळ, सगळं तेच करायचे. वहिनींची वेणीसुद्धा घालायचे. भांग असा वाकडा काढायचे की मी म्हणायचो, “भाऊ, हा भांग आहे का बैहरच्या घाटाचा रस्ता?”

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी त्यांची मुलगी श्रुतिका रायपूरहून आली आणि सरकारी फुकट चॅनलची छत्री बसवून गेली. दोन पराती जोडल्या तर होईल तेवढी, वर आभाळाकडे तोंड करून. खाली टीव्हीजवळ एक डबा. त्यात मराठी चॅनल स्वच्छ. संध्याकाळी बातम्या लागल्या तेव्हा वहिनींनी मान उचलली आणि त्या बातम्या देणाऱ्या बाईकडे एकटक पाहत राहिल्या. भाऊंनी मला हाक मारून ते दाखवलं. त्या बाईनं काय सांगितलं ते कोणीच ऐकलं नाही.

आठ दिवस चाललं. मग एका वादळानंतर चित्र फुटायला लागलं. जुन्या अँटेनात माणूस पांढरा पडायचा, पण दिसायचा तरी. इथं नाक एका चौकोनात, कान दुसऱ्या चौकोनात, आवाज बेडकासारखा, आणि मग निळा पडदा.

दुकानाचा माणूस बोलवायला भाऊंनी साफ नकार दिला. “गल्लीचे अँटेने म्या बसवले, अन् माह्या घरी दुसरा येईन का?” त्यांनी शिडी लावली.

पण छत्री म्हणजे अँटेना नव्हे. अँटेना फिरवला की चित्र लगेच सांगायचं. छत्री फिरवली की खालचा डबा चार-पाच सेकंद विचार करतो. मी म्हणालो, “सरकारी आहे न भाऊ, फाइल वर जाऊन खाली येते.” भाऊंचा हात जुन्या सवयीचा. ते थांबायचेच नाहीत, नेमकी जागा ओलांडून पुढे जायचे. आणि वरून विचारायचे, “आलं का वं?”

खालून वहिनी म्हणायच्या, “हौ.”

भाऊ नट आवळायचे, उतरायचे. निळा पडदा. पुन्हा वर. “आता आलं का?” “हौ.” पुन्हा आवळायचे, पुन्हा उतरायचे. एकदा मी मोजलं, एका सकाळी अकरा वेळा. गल्लीतल्या बाया पापडांवर फडके टाकून थकल्या.

मी म्हणालो, “भाऊ, टीव्हीच वर घेऊन जा न. नाहीतर मी उभा राहतो खाली.”

“मंग तिले काम काय राहीन?” ते म्हणाले.

इथं मी माझं तोंड बंद ठेवायला पाहिजे होतं. पण मला दया आली, आणि माझी दया मस्करीसारखीच निघते. एका दुपारी ते वर होते. “आलं का वं?” म्हणाले. वहिनी झोपल्या होत्या. मी अंगणातून त्यांच्या आवाजात म्हणालो, “आलं! थांबा, आता नका हलवू!”

मला वाटलं, शिवी येईल.  पण भाऊ शिडीवरून असे उतरले की शेवटच्या तीन पायऱ्या त्यांनी घेतल्याच नाहीत. एक चप्पल वरच राहिली. ते धावत आत गेले. “प्रेमा! प्रेमा, बोलली का तू?” वहिनी दचकून जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, “हौ.”

भाऊ बाहेर आले. मी अंगणातच उभा होतो. गुडघा फुटला होता त्यांचा.

“फकिरा,” ते शांतपणे म्हणाले, “आतापासून तिचा आवाज काढू नको.”

पंधरा दिवस मी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीजवळ गेलो नाही. माझी बायको लीलाबाई वाटीभर भाजी घेऊन त्यांच्याकडे रोज जायची. तिनंच सांगितलं की नवरात्रात बिघाड सापडला. छत्रीच्या पुढं मुठीएवढी डबी असते, आभाळातून आलेलं सगळं ती गोळा करते. तिच्या तोंडावरचं झाकण वादळात उडालं होतं आणि कुंभारमाशीनं आत मातीचं घर बांधलं होतं. खाली वायरच्या जोडात पाणीही शिरलं होतं. भाऊंनी माती खरवडली, जोड कापून नवा केला, वर मेण लावलं. आणि छत्री फिरवताना प्रत्येक वेळी मनात दहापर्यंत मोजलं. चित्र आलं, काचेसारखं.

मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पाहतो तर भाऊ पुन्हा वर, हातात पाना.

“काहून भाऊ? परत गेलं का?”

“नाई. म्याच घालवलं.”

मला वाटलं, म्हातारा गेला कामातून. लगेच मनात तयारीही केली, उद्या कचेरीसमोर कोणाकोणाला सांगायचं याची. ते म्हणाले, “चित्र असलं अन् ती हौ म्हणते, तर ते बरोबरच आहे. त्याच्यातून समजत नाही मले. चित्र नसताना हौ म्हणते का नाई म्हणते, ते पाह्यचं आहे. ज्या दिवशी नाई म्हणन, त्या दिवशी समजीन का आत माणूस आहे, पाहून राह्यलं, ऐकून राह्यलं.”

कचेरीसमोर मी कोणाला काही सांगितलं नाही.

मग रोज संध्याकाळी पाचला हा कार्यक्रम. भाऊ छत्री वाकडी करायचे आणि विचारायचे, “आलं का वं?” “हौ.” मग सरळ करायचे, “आता?” “हौ.” मग खाली येऊन वहिनींना बातम्या दाखवायचे. दिवाळी गेली. भाऊ वाळत चालले होते, सदरा त्यांच्या अंगावर खांबावर टांगल्यासारखा दिसायचा. पाच वाजले की लीलाबाई हातातलं काम ठेवून कान द्यायची. 

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लीलाबाईला ताप होता, म्हणून भाजीची वाटी घेऊन मी गेलो. भाऊ वर होते. वहिनी खाटेवर उशीला टेकून, समोर निळा पडदा. मी वाटी स्टुलावर ठेवत होतो.

वरून आवाज आला, “आलं का वं?”

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जसं दहा वर्षं पाहत आल्या होत्या, की हा मेला इथं कशाला. आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाल्या, “नाई.”

एवढ्या हळू की दारापर्यंतही गेलं नसतं. वर कुठून जाणार?

मी वाटी सांडली. बाहेर धावलो. “भाऊ! वहिनी ‘नाई’ म्हणाल्या! आताच! भाऊ, उतरा!”

भाऊंनी वरून खाली वाकून पाहिलं. पाना हातातच होता. 

“फकिरा, म्या तुले सांगितलं होतं.”

“देवाशपथ भाऊ! लीलाची शपथ! माह्या कानानं ऐकलं!”

“तू ऐकलं,” ते म्हणाले. “ऐकणारा तूच.”

तरी उतरले. हळूहळू, एकेक पायरी घेऊन. खाटेजवळ बसले, वहिनींचा डावा हात हातात घेतला. मी दारातच थांबलो. लहान मुलाला विचारतात तसं त्यांनी विचारलं, “प्रेमा, तू नाई म्हटलं का वं?”

वहिनी म्हणाल्या, “हौ.”

भाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.  ते उठले, वर गेले, छत्री नीट केली. त्या दिवशी बातम्या दहा मिनिटं उशिरा लागल्या. पुढं रोज विचारलं त्यांनी. रोज मी भिंतीशी कान लावून उभा राहायचो. पुन्हा तो शब्द आला नाही. दत्तजयंतीच्या आधीच्या सोमवारी दुसरा झटका आला आणि वहिनी गेल्या.

त्यानंतर भाऊंच्या घरी टीव्ही लागल्याचं मी ऐकलं नाही. फाल्गुनात एका सकाळी शिडी वाजली. भाऊ छत्री काढायला चढले होते. श्रुतिका त्यांना रायपूरला न्यायला आली होती, तिथं तिच्याकडे केबल आहे. मी शिडी धरायला गेलो, मग मीही वर चढलो. वरून गल्ली केवढीशी दिसते. प्रत्येक छतावर त्यांनी बसवलेला एकेक गंजका अँटेना, गोंदियाकडे किंवा कुठंतरी तोंड करून.

त्यांनी पहिल्या नटाला पाना लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “फकिरा, त्या दिवशी खरंच म्हणली होती का ती?”

“हौ, भाऊ.”

पाना नटावरच थांबला.

“कोणी हौ म्हटलं का मले आता काहीच समजत नाही बे,” ते म्हणाले.

मग त्यांनी जोर लावला. नट गंजला होता, कुरकुरला.

“खाली कोणाचे पापड असतीन तर झाकाले सांग,” ते म्हणाले.