खिसेकाकांच्या नातीचे बूट

बुटांच्या दुकानात, लहान मुलांच्या विभागात, खिसेकाका अठ्ठावीस वर्षं एकाच बुटक्या स्टुलावर बसत आले आहेत. लोकांना ते चेहऱ्यापेक्षा पावलांवरून जास्त ओळखतात; पावलं कमी खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मुलाचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवायचा, बूट चढवायचा, पुढची जागा अंगठ्याने दाबून पाहायची आणि आईबापांकडे वळून हुकूम सोडायचा, "आता हात खिशात."

नवं गिऱ्हाईक पाकीट काढायचं.

"पैसे नाही हो, हात! नाडी त्याची तो बांधेल. तुम्ही नुसतं बघायचं. बोलायचंसुद्धा नाही."

मूल नाड्यांशी झटापट करायचं, आई ओठ चावायची, बाप छताकडे बघत बसायचा. पाच-सात मिनिटांनी गाठीसारखं काहीतरी तयार व्हायचं. "जमलं की!" म्हणत काका उठायचे. मुलं वाढवण्यावरचं एकही पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मतांत कधी गोंधळ नसे. लोक पुढे जेवण, झोप, हट्ट, अभ्यास, सगळ्यांबद्दल त्यांनाच विचारू लागले. उत्तर तेच. नावही त्यावरूनच पडलं.

फक्त एका ठिकाणी हे तत्त्व रजेवर होतं. काकांची लेक सकाळी सातलाच कामावर निघे, म्हणून सहा वर्षांच्या नातीला शाळेत सोडायचं काम त्यांच्याकडे. नात खुर्चीवर बसून पाय आजोबांच्या गुडघ्यावर ठेवायची आणि स्वप्नात कोणता प्राणी आला ते सांगायची. दुकानात काकांची बोटं पाच सेकंदांत सुरगाठ मारत. घरी, का कुणास ठाऊक, तीन मिनिटं लागत.

मग एका मंगळवारी शाळेची चिठ्ठी आली. शुक्रवारी धावण्याची शर्यत. ज्याने त्याने आपले बूट स्वतः बांधायचे, बाईंना चाळीस जोड बांधणं शक्य नाही. नाडी सुटलेली दिसली तर पळता येणार नाही.

लेकीने चिठ्ठी वाचून बूट नातीपुढे ठेवले. नातीने सवयीने पाय आजोबांकडे केला.

"बाबा, हिला बांधता येत नाही?"

"अगं, सकाळी उशीर होतो..."

"मला चार वर्षांची असताना दाराशी रडत बसवलं होतंत. शेजारच्या काकू मदतीला आल्या, तर त्यांनाही हात मागे घ्यायला लावलेत!"

"तेव्हा मी तरुण होतो. अक्कल जास्त होती."

"शुक्रवारी ही बाकावर बसून राहिली, तर समजूत तुम्ही काढायची."

"मला पळायचंय!" म्हणून नातीने भोकाड पसरलं.

बुधवारी सकाळी काकांनी हात खिशात घातले.

"आजोबा, तुम्ही बांधा ना."

"हात खिशात आहेत."

"मग काढा."

"अडकलेत."

शाळेला उशीर झाला. त्या दिवशी दुकानात हुकूम सोडताना काकांनी पहिल्यांदाच पुस्ती जोडली, "अवघड असतं, मला माहीत आहे." गुरुवारी नातीची गाठ जमली, पण जिन्यातच सुटली. स्वप्नातल्या प्राण्याचा विषय दोन्ही दिवस निघाला नाही.

शुक्रवारी ती घरून बूट बांधून निघाली. कोपऱ्यावर डावी नाडी सुटली. नात पदपथावर बसली. एक बाई वाकून म्हणाली, "दे गं, मी बांधते."

"राहू द्या," काका म्हणाले. आवाज जरा चिरका निघाला. खिशात मुठी आवळलेल्या होत्या.

नात जीभ बाहेर काढून पहिला फास धरून बसली. दुसरा निसटला. पुन्हा धरला. शेवटी गाठ ओढली, उभी राहून दोनदा पाय आपटला. सुटली नाही.

"काल जिराफ आला होता," ती म्हणाली. मग आजोबांकडे वर पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "आजोबा, एक हात काढा आता. रस्ता ओलांडायचाय."