मी क्वायरला सुरात आणलं

कॉफी आधी संपवा बघू. माझी ही फजिती ऐकताना लोक हसतात, गरम कॉफी नाकात जाते आणि मग बोल मला लावतात!

तर मंडळी, मी ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या आणि क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, गाणाऱ्यांच्या संघटनेचा सभासद आहे. हो, मीच! तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत जन्मलेला, सगळी नोकरी विजेच्या ऑफिसात काढलेला, कपाळाला गोपीचंदन लावणारा व्यंकटराव. आमच्या घरात विठ्ठलाच्या भजनापलीकडे कुणी काही गायलेलं नाही.

आणि दुखणं तिथंच होतं. भजनाला माणसंच उरली नव्हती. गल्लीतली मराठी घरं एकेक करून चेन्नईला गेली, बंगळूरला गेली. उरलेल्या घरांतल्या पोरांना मराठी कळतं, पण उत्तर येतं ते तमिळमध्ये. मी रिटायर झालो तेव्हा एकादशीच्या भजनाला मी, माझी बायको आणि पेटी, एवढेच. मी ओळ म्हणायची, ती मागून उचलायला कोण? बायको. तीही डाळ निवडता निवडता! ज्यानं एकेकाळी अख्खा हॉल मागे घेऊन गायलं, त्यानं एकट्यानं किती ओरडायचं, सांगा?

हे रडगाणं मी अरुळराजपुढे गायलो. अरुळराज माझा ऑफिसातला जुना दोस्त. आठवडाभर विजेच्या तक्रारी ऐकायचा आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.

“राव सार, आमच्या संघटनेत या,” तो म्हणाला. आमच्याकडे ‘सर’चा ‘सार’ होतो. “बेसला माणसं कमी आहेत.”

“बेस म्हणजे?”

“खालचा आवाज, सार. पाया.”

“अरे, पण मी भजनातला माणूस. मला घेतील?”

“गळा आहे ना? मग झालं. वार्षिक मेळाव्यात सगळ्यांबरोबर उभं राहून गायचं. अध्यक्ष ऐकतात. त्यांना पटलं की तुम्ही सभासद.”

आधी त्यानं मला ऑर्गन दाखवायला नेलं. तुम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातली ती पायानं हवा भरायची पेटी आठवते. मीही तसलंच काहीतरी बघायला गेलो होतो. आत जाऊन बघतो तर काय, भिंत! अख्खी भिंत नळ्यांची! काही माझ्या करंगळीएवढ्या, काही नारळाच्या झाडाएवढ्या. समोर पेटीसारख्या पट्ट्या, पण एकावर एक मजले चढवलेले. आणि खाली पायांसाठीसुद्धा पट्ट्या!

अरुळराजनं चपला बाजूला काढल्या आणि डाव्या पायानं एक लाकडी पट्टी दाबली.

अहो, तो आवाज कानातून आलाच नाही. तो बाकातून आला. बाकातून पाठीत, पाठीतून दातांत. खिडकीच्या काचा थरथरल्या, वरच्या तुळईवरचं कबूतर उडालं, आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

“हे काय होतं रे?”

“एकच सूर, सार. सगळ्यात खालचा.”

ज्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं डबा खाल्ला, तो पायाच्या अंगठ्यानं चर्च हलवू शकतो? त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करताना मनातल्या मनात माफी मागतो.

तालमी सुरू झाल्या. आमच्या संघटनेतली माणसं गावोगावची, त्यामुळे ज्याचा त्याचा भाग ज्याच्या त्याच्या गावात बसवायचा आणि मेळाव्याच्या सकाळी सगळं जुळवायचं, अशी पद्धत. आम्ही बेसवाले अरुळराजच्या ओसरीवर जमायचो. माझ्या शेजारी दातांचे डॉक्टर डॅनियल. सज्जन माणूस, पण आवाज असा, की पेशंटला भूल द्यायची गरज पडत नसावी.

आणि शिकवत काय होते? दोन-तीन सूर! एकाच सुरावर उभं राहायचं, मग एक खाली, मग परत वर. शब्द देवाच्या दयेचे, पण चाल म्हणाल तर चालच नाही! मी समजलो, हा गळा तापवायचा रियाज. खरं गाणं मेळाव्याच्या दिवशी शिकवतील.

एकदा विचारलंही. “अरुळ, गाणं कधी सुरू होणार?”

“हेच गाणं, सार.”

मला वाटलं, थट्टा करतोय.

मेळाव्याची सकाळ उजाडली. इस्त्रीची वेष्टी, म्हणजे आमचं तमिळ धोतर, पांढरा शर्ट, आणि आज थोडं फिकट गोपीचंदन. बायको म्हणाली, “अहो, जरा हळू गा. तिथं सगळे नवे लोक.”

“नव्या लोकांनाच तर ऐकवायचंय!” मी म्हणालो.

तिरुवैयारुकडच्या बायकांची बस उशिरा आली आणि सगळ्यांची मिळून व्हायची ती तालीम राहूनच गेली. गायनाची वेळ झाली. पुढे बायका, मागे पुरुष, सगळ्यात मागे आम्ही. समोर ग्रेस टीचर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एवढ्याशा बाई. पण हात वर केला की अख्खं देऊळ, म्हणजे चर्च हो, श्वास रोखून बसतं. पहिल्या बाकावर चेन्नईहून आलेले अध्यक्ष. पांढऱ्या भुवया, मांडीवर हात, डोळे मिटलेले. अरुळराज आमच्याकडे पाठ करून ऑर्गनवर. त्याच्यासमोर एक छोटा आरसा टांगलेला, टीचरांचे हात दिसावेत म्हणून.

ऑर्गन सुरू झाला. अंगावर काटा! आणि पुढच्या बायकांनी जी चाल उचलली, काय सांगू! सरळ, गोड, पहिल्याच ओळीला गळ्यात बसणारी.

मी म्हटलं, आलं! खरं गाणं आलं!

आणि माझ्या शेजारी काय? डॉक्टर डॅनियल आणि कंपनी अजून तोच रियाज करतेय! दोन सूर, तीन सूर, परत दोन सूर! मला घाम फुटला. बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही? अध्यक्षांसमोर सगळे बेसुरात? चूक दिसत असताना गप्प उभं राहणं भजन चालवणाऱ्या माणसाच्या रक्तात नसतं हो!

मी छाती भरून घेतली आणि बायकांची चाल खणखणीत उचलली.

डॉक्टरांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना मान हलवून धीर दिला, म्हणजे, “या, या, इकडून या.” आणि ते आले! त्यांच्यामागे पलीकडचे आले. सगळा बेस माझ्यामागे! मग आमच्या पुढच्या रांगेतले पुरुष डगमगले. त्यांच्या मानेमागेच मी होतो, ते तरी किती टिकणार? तेही आले. बायकांमधला खालच्या आवाजाचा गट तर मघापासून भलतंच काहीतरी गात होता, तोसुद्धा शेवटी शहाण्यासारखा रुळावर आला.

एक सूर! एक चाल! अहो, अख्खा क्वायर मी एकट्यानं सुरात आणला!

ग्रेस टीचरांनी माझ्याकडे बघून तळवा खाली दाबला. भजनात याचा अर्थ एकच: बसा. मी बसलो. माझं बघून डॉक्टर बसले. सगळा बेस बसला.

टीचरांचे डोळे एवढे मोठे झाले. त्यांनी दोन्ही तळवे घाईघाईनं वर उचलले. मी समजलो, आवाज चढवा. चढवला! बसल्या जागेवरून असा चढवला, की आरशात मला अरुळराजचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, भक्तीचं.

शेवटची ओळ आली. टीचरांनी हवेत मूठ गच्च आवळली. याचा अर्थ तर लहान मूलही सांगेल: धरून ठेवा! मी धरला. सगळे थांबले. ऑर्गन थांबला. मी धरून आहे! एवढं उंच छत, आवाज फिरून फिरून परत येतोय, मोह आवरतो का कुणाला? मी एक गमक घेतलं. वर एक छोटीशी तान टाकली. आणि अलगद समेवर येऊन थांबलो.

मी हसून सगळीकडे पाहिलं. ग्रेस टीचरांनी कपाळावर हात ठेवला होता. डॉक्टर डॅनियल रुमालात तोंड खुपसून गदगदत होते.

अध्यक्षांनी डोळे उघडले. “मागे बसलेले ते सार कोण?”

मी उठून नमस्कार केला. आता शाल मिळते की काय, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

“आपण इथे माझ्याजवळ येऊन बसा,” ते म्हणाले. “टीचर, पुन्हा एकदा. या सारांना ऐकू द्या.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. पुन्हा ऑर्गन, पुन्हा तीच चाल. फक्त या वेळी मी गात नव्हतो.

कसं सांगू तुम्हाला? बायका वरून चालल्या होत्या. दुसऱ्या बायका त्यांच्या खालून, वेगळ्याच वाटेनं. पुरुष तिसरीकडून. प्रत्येकाची वाट निराळी, आणि तरी कुणाचा कुणाला धक्का नाही! मी जन्मभर एका वेळी एकच चाल ऐकलेला माणूस. माझे कान कुणामागे जावं ते कळेना म्हणून लहान पोरासारखे इकडून तिकडे धावत होते.

आणि सगळ्यात खाली डॉक्टर डॅनियल. तेच दोन-तीन सूर. मी ज्याला गळा तापवणं समजत होतो ते! एका जागी डॉक्टर फक्त एक सूर खाली उतरले आणि वरचं सगळं गाणं बदलून गेलं. कालव्याची फळी वीतभर उचलावी आणि बघता बघता सगळं शेत पाण्यानं चकाकावं, तसं. वरच्या बायका त्याच चालीत होत्या, पण आता त्याच चालीत कुणी निरोप घेतंय असं वाटत होतं.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लाजेचं म्हणा, आनंदाचं म्हणा. आजवर सूर जुळणं म्हणजे सगळ्यांनी माझ्यासारखं गाणं, असंच मी धरून चाललो होतो.

“आता जा,” अध्यक्ष हळूच म्हणाले. “तुमच्या जागेवरून गा.”

तिसऱ्यांदा मी डॉक्टरांच्या शेजारी उभा राहिलो आणि माझे दोन-तीन सूर गायलो. हळू. पण तो एक सूर खाली उतरलो ना, तेव्हा वरचं सगळं आपल्या खांद्यावर टेकल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, भजनात इतकी वर्षं सगळ्यांच्या पुढे गाऊनही तसं कधी वाटलं नव्हतं.

संपल्यावर अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. “सभासद तर तुम्ही झालातच. पण एक सांगू? मी उभा जन्म क्वायर शिकवतोय, माझ्यामागे चार माणसं धड येत नाहीत. तुमच्यामागे सगळेच्या सगळे चुकीच्या वाटेनं गेले, आणि आनंदानं गेले! हा गुण वाया घालवायचा नाही. जेवणाच्या हॉलपर्यंत सगळ्यांना तुम्ही घेऊन चला.”

अहो, सभासद होऊन पाच मिनिटं झाली नाहीत आणि लगेच जबाबदारी! अरुळराजनं रस्ता सांगितला, कोपऱ्यावरून वळलं की हॉल. मी पुढे, सगळा क्वायर मागे, शेवटी अध्यक्ष. कोपऱ्यावरून वळलो तर सांबाराचा वास, दारात केळीचे खांब. आत शिरताच अंगावर गुलाबपाणी, चंदन, हातात खडीसाखर. संघटनेची ही उठबस बघून मी पुन्हा भारावलो. सगळ्यांना रांगेनं पानावर बसवलं. अध्यक्षांना स्वतः हात धरून बसवलं. पायसम वाढून झालं.

इतक्यात रेशमी वेष्टीतले एक गृहस्थ धावत आले, मला वाकून नमस्कार केला आणि अदबीनं विचारलं, “सार, आपण मुलाकडचे की मुलीकडचे?”

मी छाती पुढे काढून सांगितलं, “बेसकडचे!”