चार सुतांची तडजोड

पूल संपला तेव्हा धाकटीने तिसऱ्यांदा विचारलं, "दादा, बोलणी मोडली का रे?"

"आधी ती गोळी दे," दादा म्हणाला. "रक्तदाब माझा आहे, दोन खंडांचा नाही."

ती गोळी मुठीत धरून ती दुपारपासून अतिथिगृहाच्या फाटकाबाहेर उभी होती. परिषदेमुळे रस्त्यावर वाहनं बंद, फोन आत न्यायची बंदी, आणि दोनला सुटणारा भाऊ बाहेर आला साडेपाचला, तोही पँटीचे दोन्ही गुडघे मळवून. घर अजून तासाभराच्या चालीवर होतं. दादाने गोळी पाण्याशिवाय गिळली आणि तोंड वाकडं केलं.

दादा सरकारी अतिथिगृहाचा सुतार. कामावर त्याला सगळे गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. दादा कुणाच्याही घरी गेला की आधी दाराची चौकट बघतो, मग माणसं. मुलगी बघायला गेला तेव्हाही होणाऱ्या सासऱ्यांना "तुमची खिडकी डावीकडे कललीय" असं सांगून आला. तरी लग्न झालं, हा वहिनीचा मोठेपणा. त्याच्या स्वतःच्या घरातलं जेवणाचं टेबल मात्र वीस वर्षं डुगडुगतंय. वहिनी दर महिन्याला त्याच्या पायाखालचा पुठ्ठा बदलते आणि म्हणते, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

त्या आठवड्यात अतिथिगृहात दोन महासत्ता उतरल्या होत्या. एक आपल्या खंडातली, दुसरी समुद्रापलीकडची. दोन खंडांमधल्या सामुद्रधुनीत कुणाच्या युद्धनौका कुठवर याव्यात, यावर त्यांची चार दिवस ओढाताण चालली होती. आजूबाजूचे लहान देश भिंतीलगत मुकाट बसलेले. दादा म्हणायचा, दोन जावई रुसलेत आणि वऱ्हाड उपाशी. धाकटीला मात्र हसू येत नव्हतं. तिचा मुलगा त्याच सामुद्रधुनीतल्या ठाण्यावर होता. आठ महिने रजा बंद. तह झाला तर ठाणी निम्मी होणार होती आणि तो घरी येणार होता.

"मोडली का, एवढंच सांग ना."

"अगं, क्रमाने ऐक. आज त्यांनी बाजू बदलल्या."

मग दादाने बावीस वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. सभेच्या दालनाची जमीन बागेच्या अंगाला खचली आहे. चार सूत, म्हणजे अर्धा इंच. ती दुरुस्त करायची तर दालन वर्षभर बंद ठेवावं लागलं असतं. म्हणून दादाने बागेकडच्या खुर्च्यांचे पायच चार सूत लांब केले. नजरेला सगळं सपाट. 'सर्व खुर्च्या एका मापाच्या' असं कार्यालय दरवेळी लेखी द्यायचं, आणि खाली तपासणारा म्हणून सही दादाची.

"काल एकजण कुरकुरला, बाग त्यांनाच का दिसते? म्हणून अतिथिगृहाच्या साहेबांनी आज बाजू बदलल्या. पण दोघांच्या पहारेकऱ्यांनी खुर्च्या तपासून त्यांना शिक्के मारलेले. जो तो आपली खुर्ची बरोबर घेऊन गेला."

"मग?"

"मग लांब पायांची खुर्ची उंच जमिनीवर आणि आखूड पायांची खचलेल्या भागावर. एक इंचाचा फरक! पलीकडचा पुढारी बसला तो समोरच्याच्या टायच्या गाठीशीच बोलायला लागला."

धाकटी चालता चालता थबकली. दादाच्या ते लक्षात आलं नाही.

"उठला की तो! फीत आणली, पाय मोजले. म्हणाला, हा ठरवून केलेला अपमान आहे. साहेब पांढरेफटक. माझ्या कानाशी येऊन म्हणतात, खुर्च्या हमालांनी बदलल्या असं सांग."

"आणि तू?"

"त्या बिचाऱ्यांच्या गळ्यात कशी मारू? सांगितलं, पाय मीच लांब केलेत, जमीन वाकडी आहे. सपाटी बघायची पाणसळ काढली, जमिनीवर ठेवली. बुडबुडा एका अंगाला पळाला. पलीकडचा म्हणे, हत्यार खोटं आहे. मी ती उलटी फिरवून दाखवली, बुडबुडा पुन्हा त्याच अंगाला. तरी पटेना. शेवटी दोघांनी आपापल्या पाणसळी मागवल्या आणि दोन महासत्ता गुडघ्यांवर बसल्या, डोक्याला डोकं लावून. तीन तास, धाकटे! जमीन उताराची आहे यावर एकमत झालं. त्याचा कागद केला, दोघांच्या सह्या झाल्या. चार दिवसांतला पहिला तह."

"म्हणजे मोडली नाहीत!"

"उद्या नऊला ठरेल. खुर्च्या मूळ बाजूला लावून द्यायच्या, त्यांच्यादेखत. बारापर्यंत बसले तर सामुद्रधुनीचा कागदही होईल म्हणतात. बसले नाहीत तर खोट्या मापावर सही कुणाची? माझी. निवृत्तीला पाच महिने उरलेत."

एका बंद दुकानाच्या पायरीवर धाकटी मटकन बसली. "दादा, चूक माझी आहे."

"तू कधी रंधा मारलास?"

"मी रोज सकाळी दिवा लावून एकच मागत होते," ती पदराचं टोक पिळत म्हणाली. "देवा, त्या पलीकडच्याची मान जरा खाली आण. तो नमला की पोर घरी येईल."

 दादा हसायला लागला, खोकला येईस्तोवर.

"आणली की त्याने! मोजून एक इंच! बाई गं, तुझा देव आमच्याच धंद्यातला दिसतो."

"हसू नकोस. मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय," दादा म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. मळलेले गुडघे त्याने हाताने झटकले, ते आणखीच मळले. "एक काम कर माझं. उद्या दिवा लावशील तेव्हा ते मागणं आधी मागे घे. आणि अलीकडच्याची मान खाली आण, असंही म्हणू नकोस, तुझा भरवसा नाही. एवढंच माग, बारा वाजेपर्यंत दोघांना बसवून ठेव. खुर्च्यांचं मी बघतो."