न चाखलेली आमटी

परवा कॉलनीच्या गणपतीच्या नैवेद्याची आमटी माझ्याकडे होती. इकडे उत्तरेत, मानक नगरातली आम्ही आठ मराठी घरं, शेजारपाजारचे धरून पस्तीस पानं... मीच हौसेनं हो म्हणाले होते. नैवेद्य चाखायचा नसतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही!

गेली दोन वर्षं मला अँक्झायटी आहे. गोळ्या आहेत, पंधरा दिवसांनी काउन्सेलर मॅडम आहेत... आणि स्वतःवर काडीचा भरवसा नाही. साधी भाजी केली तरी मी चारदा चाखते, मग नवऱ्याला चाखवते, मग लेकाला. तो मोबाईलमधून मान वर न काढता "हाँ मम्मा, ठीक है" म्हणतो, तेव्हा कुठे गॅस बंद होतो.

रोज एक तरी गोष्ट कुणालाही न विचारता करायची, असा गृहपाठ मॅडमनी दिलाय. मी आपली टिकली वगैरे निवडून पास होत होते. एकदम बोर्डाचा पेपर येईल असं वाटलं नव्हतं.

तर आमटी उकळली आणि झालं... मीठ घातलं की नाही? छातीत धडधड. शेजारच्या शुक्ला भाभी मदतीला होत्या, त्या म्हणाल्या मीच जरा चाखून बघते. बाप्पाच्या आधी? मी पळी अशी हिसकावली की बिचाऱ्या दोन पावलं मागं सरकल्या.

मिठाचा चमचा हातात धरून मी पातेल्यापुढे उभी. घालू? आणि दुप्पट झालं तर? शेवटी स्वतःलाच मोठ्यानं बजावलं, "घातलंय मी." आणि चमचा बरणीत परत ठेवला.

त्या दिवशी आरत्या काही केल्या संपेनात. एक संपली की कुणीतरी हौशी दुसरी सुरू करी... इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

मग पानं वाढली. पहिला भुरका जोशीकाकांचा. काका रिटायर्ड रेल्वे इंजिनिअर, त्यांनी कुणाचं खोटं कौतुक केल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी पानातलं डावीकडचं मीठ चिमूटभर उचललं, आमटीत कालवलं, पुन्हा भुरका मारला.

"किंचित कमी होतं. वाढा अजून."

मला तिथंच रडू आलं, पळी हातात घेऊन. मीठ कमी होतं, पण होतं! मी घातलं होतं, आणि मला ते बरोबर आठवत होतं.

इतकी वर्षं पानात मीठ वाढत आले, ते कशासाठी असतं हे मात्र परवा कळलं... करणाऱ्याचं थोडं चुकणार, हे धरूनच चाललेत की सगळे. ज्या कुणी बाईनं ही रीत पाडली असेल, तिला माझा मनापासून नमस्कार. तिलाही बहुतेक माझ्यासारखीच धडधड होत असावी.