बँकेचं बारसं नव्हे, लग्न

आमची बँक मूळची स्वीडनची. दुबईतल्या चिमुकल्या ऑफिसात मी आणि स्वीडिश मॅनेजर, एवढेच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला स्वीडनकडच्या बँका एकमेकींत विलीन होत सुटल्या. दर खेपेला बँक मोठी व्हायची आणि आमचं नाव बदलायचं. पाटी नवी, कार्डं नवी. फोनवर मी मात्र जुनंच नाव सांगून मोकळी!

तिसऱ्या खेपेला मला चेव आला. अल मनखूलच्या घरून ताट आणि तांदूळ नेले. "सर, आमच्याकडे लग्नात नवरीचं नवं नाव तांदळात अंगठीने लिहितात. यल्ला, काढा अंगठी!" त्या ताडमाड माणसाने जीभ दातांत धरून बँकेचं नवं नाव लिहिलं. मी पेढा भरवला. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

मग त्याने विचारलं, "तुझंही बदललं होतं?"

"हो, पहिलं नावसुद्धा."

"आधीचं काय होतं?"

कितीतरी वर्षांनी मी ते मोठ्याने उच्चारलं. त्याने तळहाताने बँक पुसली आणि माझं नाव लिहिलं.

संध्याकाळी त्याच तांदळाचा भात नवऱ्याला वाढला. म्हणाला, "आज भात काय झालाय!"