सोडायची जागा

कुत्री फिरवणं हा मावशीचा धंदा, आणि त्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. डांबरी रस्त्यावर ती आधी उलटा हात टेकवून बघायची. चटका बसला की कुत्र्यांना कालव्याकाठच्या सावलीतून न्यायची. शाळेमागच्या मैदानात काचा, म्हणून तिकडे पाऊलही टाकायची नाही. बहीण म्हणायची, "स्वतःच्या गुडघ्यांना कधी असं जपलंस का गं?" मावशी ऐकून सोडून द्यायची.

तिचा सगळ्यात लाडका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडचा म्हातारा. चौदा वर्षांचा तपकिरी कुत्रा, मागच्या पायांनी अधू. तो बाईंच्या सासऱ्यांचा. सासरे गेले आणि बाईंना अचानक त्याच्या केसांनी शिंका येऊ लागल्या.

एरवी दारातूनच पट्टा हातात देणाऱ्या बाईंनी एका सकाळी मावशीला आत बसवून चहा दिला. तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण मावशी हुरळली.

"मावशी, याला सोडायला चांगली जागा कुठली हो?"

मावशीच्या तोंडी सोडणं म्हणजे पट्टा काढणं. दुसरा अर्थ तिच्या डोक्यातच आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणी काही विचारलं होतं, मग काय, ती सुटलीच. "पुलापलीकडची जुनी दगडखाण. मस्त गवत, वाहन फिरकत नाही, तिन्ही बाजूंना कडे. फाटक लावलं की बिनघोर."

"म्हणजे बाहेर नाही ना येणार?"

"हा? या पायांनी? छे हो."

पाण्याचं बाईंनी विचारलं नाही. मावशीनेही सांगितलं नाही, कारण ती नेहमी बाटली भरूनच न्यायची. निघताना बाई म्हणाल्या, "आठवडाभर येऊ नका, आम्ही बाहेरगावी चाललोय."

आठवड्याने मावशी दारात हजर. "म्हातारा कुठाय?"

"सोडला ना. तुम्ही सांगितलेल्या खाणीत, रविवारीच."

"आणि आणला कधी?"

बाईंनी तिच्याकडे खुळ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "आणायचा असता तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?" आणि दार लावून घेतलं.

बँकवाल्यांची दोन तरुण कुत्री त्या वेळी मावशीच्या हातात होती. त्यांना तसंच ओढत ती पूल ओलांडून गेली. फाटकाला कडी होती. म्हातारा आतच पडला होता, फाटकाखालच्या फटीत नाक खुपसून. पुढच्या पायांची नखं तुटली होती. मेला होता, पण पटकन मेला नव्हता.

मावशी कडी काढून आत गेली. "मीच मारलं रे तुला," ती म्हणाली. नाही म्हणायला तिथे कुणी नव्हतं, आणि असतं तरी काय म्हणणार? तिने चपट्या दगडाने खणायला घेतलं. दोन बोटं माती, खाली खडक. दुसरीकडे खणलं, तिथेही खडकच. शेवटी तिने त्याच्यावर मूठमूठ गवत टाकलं.

तिच्या हातून सुटलेली दोघं तोवर कड्यापासून कड्यापर्यंत उधळत होती, लोळत होती, हाका मारूनही येईनात. इतकी चांगली जागा त्यांनी आजवर पाहिली नव्हती.