तिसरा कौल

राईतून बाहेर पडताना मामा बगळ्यासारखे एका पायावर उभे राहायचे, एक तळवा झटकायचे, मग दुसरा. राईतली माती पायाला लागून गावात यायला नको. "त्याचं त्याच्यापाशी," म्हणायचे.

राई म्हणजे जामखेडकडच्या आमच्या कोरड्या माळावरची देवाची झाडं. चिंचा, करंज, लिंब, मधोमध देवाचा दगड आणि शेजारी झरा. मामा त्या देवाचे गुरव. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या घराला लागूनच, त्यामुळे त्यांच्या तोंडाचा पट्टा माझ्या कानाला रोजचाच.

एकदा खुद्द पाटील लिंबाची काडी चावत राईतून आले. मामांनी वाट अडवली.

"थुका."

"अवो, खाली पडल्याली काडी हाय ही!"

"त्याच्या दारात पडली न्हवं? थुका!"

पाटलांनी मुकाट्यानं थुंकली. आम्ही हसून बेजार. पण हा माणूस आहे म्हणून राई आहे, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. आम्ही निर्धास्त होतो.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि कोळशाचा ठेकेदार आला. राई द्या, तोडायचं काम गावालाच देतो, म्हणाला. गाव म्हणालं, देवाला विचारू. आमच्याकडे देवाच्या दगडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मामांनी कौल लावला. डावी पडली.

"परत लावा."

परत डावी.

"मामा, आजून एकदा!"

तिसऱ्यांदा उजवी पडली. काय तो जयजयकार! दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी चालू झाल्या. मला त्या देवाचाच संताप आला, असा कसा फिरला म्हणून.

माळ बोडका झाला, ठेकेदार निघून गेला, आणि कुठल्याच उन्हाळ्यात न आटलेला झरा आटला. मग गाव रिकामे हंडे घेऊन मामांच्या दारात. पाणी कधी येईल, देवाला विचारा.

मामा उंबऱ्यावर बसून होते. "कशाला इचारता? तिसऱ्या खेपेला त्यो बोललाच न्हाई. माझा अंगठा बोलला. डावी पाकळी मी दाबून बसवली हुती."

"गुरव आसून देवाशी दगा?" पाटील ओरडले. माझ्याही तोंडात शिवी आली होती. सगळ्या गावात एकाच माणसावर भरवसा टाकलेला, आणि त्यानंच गळा कापावा?

"घरात नातवंडं उपाशी हुती. मी भ्यालो," मामा म्हणाले. मग मान वर करून आमच्या सगळ्यांकडे बघत राहिले. "पन देव दोनदा न्हाई म्हनला हुता. तुमी तिसऱ्यांदा का इचारलं?"

बायकांनी हंडे उचलले.

सुनेला आणि नातवंडांना घेऊन मामा खडी फोडायच्या कामावर गेले, ते परत आले नाहीत. देवाचा दगड माळावर उन्हात आहे. गावानं दुसरा गुरव आणला. तोही कौल लावतो, आणि उजवी पडेपर्यंत लावतो.